प्यादं मागं येऊ दिलं तर? नियम सुचवा

अंबाजोगाईवाला: दुपारी बाहेर पडायची सोय नाही असलं ऊन, त्यात लाईट गेलेली. घरात पाच लेकरं अन् बुद्धिबळाचा एकच पट. साध्या खेळाचा कंटाळा आला म्हणून एक नियम घुसवला: प्यादं एक घर सरळ मागंही येऊ शकतं, मारायचं मात्र पुढंच. दोन डाव झकास झाले. तिसऱ्यात भाचा अन् पुतणी दोघांनी सगळ्या वाटा बंद केल्या अन् एकेक प्यादं पुढं-मागं, पुढं-मागं. लाईट आली तरी हटंनात. पन्नास चालींचा नियम (दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत ना मारामारी झाली ना प्यादं हललं, तर बरोबरी) लावावा तर प्यादं हललं की मोजणी परत पहिल्यापासून! काय करावं? अन् मूळ घरी आलेल्या प्याद्याला पुन्हा दोन घरं द्यायची का?

उंटाची_तिरकी: दादा, हा नियम आधीच खेळवून झालाय. 2020 मध्ये गूगलच्या डीपमाइंडवाल्यांनी माजी जगज्जेता क्रामनिकला सोबत घेऊन, स्वतःच बुद्धिबळ शिकणाऱ्या अल्फाझीरो प्रोग्रामवर नियमांचे नऊ बदल तपासले, त्यात मागं येणारं प्यादं होतंच. कॅसलिंग (किल्लेकोट) बंद होतं, स्वतःचीच सोंगटी मारणंही होतं. तुम्ही खेळा की, तुमच्या घरात नवंच आहे.
मोजणीचं म्हणाल तर, नेहमीच्या खेळात प्याद्याची चाल परत फिरत नाही म्हणून तिथं मोजणी पुसतात. तुमच्यात फिरते. मग फक्त मारामारी झाली की पुसा. दोन घरं देऊ नका, उगं घोळ.

पारावरचा: नवं कशाला काढायलाव? आमच्या आजोबांच्या देशी खेळात किल्लेकोट नव्हता. शह बसलेला नसला तर राजा एकदा घोड्यावानी अडीच घर उडायचा, अन् प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. ते लावा. लेकरं गप बसतील.

अंबाजोगाईवाला: काका, लावू. पण ह्यांना स्वतःचाच नियम पाहिजे.

परभणीची_ताई: खरी गडबड शेवटात आहे. पांढरा राजा ई4, प्यादं ई3, काळा राजा ई6, बाकी पट रिकामा, चाल पांढऱ्याची. साध्या खेळात बरोबरी. तुमच्यात पांढरा प्यादं गुमान ई2 ला घेतो, चाल काळ्यावर पडते, त्याला राजा हलवावाच लागतो, पांढऱ्या राजाची वाट मोकळी होते अन् डाव जातो. म्हणजे फुकटची चाल मिळाली. मला तर हे आवडलं, पण मोकाट नको. एका प्याद्याला आख्ख्या डावात एकदाच मागं. मग पन्नासचा जुना नियमही जसाच्या तसा चालतो, पुढं-मागं किती दिवस करणार?

उंटाची_तिरकी: हे माझ्यापेक्षा बरं. पण कोण एकदा आलंय हे लक्षात कसं ठेवणार? सोळा प्यादी आहेत.

अंबाजोगाईवाला: ताईंचं लावलं. मागं आलेल्या प्याद्याच्या गळ्यात लाल रबर. चार दिवस झाले, एकही डाव अडकला नाही. फक्त काल पुतणीच्या बाजूचं एक प्यादं दुसऱ्यांदा मागं आलं, अन् रबर तिच्या वेणीला होतं.