घरातले दिवे एलईडी करायचेत, सुरुवात कुठून करू?

लालबागकर:
नमस्कार मंडळी. चाळीत दोन खोल्या आणि वर पोटमाळा आहे. बाहेरच्या खोलीत जुनी चोकवाली ट्यूब, ओट्यावर सीएफएल, मोरीत आणि माळ्यावर साठचे पिवळे बल्ब, आणि देवाजवळ लाल झिरोचा बल्ब तो रात्रंदिवस चालूच. आई म्हणते चालतंय तोवर कशाला काढायचं, मला वाटतं सगळं एकदमच बदलून टाकावं. तिला आता कमी दिसतं त्यामुळे उजेड कमी होऊन चालणार नाही. बेस्टचं बिल खरंच उतरतं का? आणि घेताना काय बघायचं?

शिवडीची_सून:
दादा, एकदम सगळं नका बदलू, जो दिवा जास्त तास जळतो तो आधी. १००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट, बस एवढाच हिशोब. माळ्यावरचा साठचा बल्ब रोज अर्धा तास लागत असेल तर महिन्याला एक युनिट पण नाही होत. आणि देवाजवळचा तो झिरो, नाव झिरो पण खातो १५ वॅटच्या आसपास, चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला जवळजवळ ११ युनिट! तिथे अर्ध्या वॅटचा लाल एलईडी लावा, अर्धं युनिट पण जाणार नाही आणि देवाजवळचा दिवा तसाच अखंड राहील, आईंनाही बरं वाटेल. तुमचे युनिट शंभरच्या थोडे वर जात असतील तर फायदा आणखी, कारण शंभरच्या वरच्या युनिटचा दर चढा असतो.

वायरमन_परळ:
ताई बरोबर बोलल्या. त्यानंतर नंबर ट्यूबचा. ४० ची ट्यूब आणि वर चोक दहा-पंधरा वॅट खातो तो वेगळाच, त्याऐवजी २० वॅटची एलईडी पट्टी अख्खी बसवा. जुन्या पट्टीत नुसती एलईडी ट्यूब अडकवायला जाऊ नका, चोक-स्टार्टरची वायरिंग बदलावी लागते, ते मेन बंद करून वायरमनकडूनच करून घ्या. मोरीत काचेचा बंद गोळा असेल तर त्यात साधा एलईडी टिकत नाही, उजेड देणारा भाग शाबूत असतो पण आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं छोटं सर्किट) गरम होऊन जातो आणि लोक म्हणतात एलईडीच बेकार. लोहार चाळीत स्वस्त मिळतात म्हणून बिनबिलाचे उचलू नका, बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) नंबर आणि स्टार लेबल बघा, पक्कं बिल घ्या म्हणजे वॉरंटीत बदलून मिळतो. स्विच बंद करूनही एलईडी मंद पेटत राहिला तर घाबरू नका, बऱ्याचदा स्विचमधल्या इंडिकेटरमुळे होतं, तरी एकदा दाखवून घ्या कारण कधीकधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असतो आणि ते धोक्याचं.

माहीमचा_मास्तर:
आईंच्या डोळ्यांसाठी वॅट नका बघू, खोक्यावर लुमेन म्हणजे उजेडाचं माप लिहिलेलं असतं ते बघा. जुना साठचा बल्ब सातशेच्या आसपास लुमेन द्यायचा, आता ९ वॅटचा चांगला एलईडी नऊशेपर्यंत देतो, म्हणजे उजेड वाढेलच. रंग मात्र विचार करून घ्या, ६५०० केल्विनचा पांढराफटक बऱ्याच वयस्कर माणसांना टोचतो, ४००० वाला घेऊन बघा. आणि माझं तर म्हणणं ओट्यावरच्या दिव्याची जागाच बदला. चाळीत दिवा बहुतेक पाठीमागच्या भिंतीवर असतो, बाई भाजी चिरायला उभी राहिली की तिचीच सावली सुरीवर पडते, मग कितीही वॅटचा लावा काही उपयोग नाही. कपाटाखाली समोरून एक छोटी पट्टी लावा.

लालबागकर:
खूप आभार सगळ्यांचे! झिरोचं तर डोक्यातच नव्हतं, आजच आणतो. सीएफएल पण लगेच काढू का?

शिवडीची_सून:
ती चालू द्या, १५ चे ९ होतील एवढाच फरक. फक्त आत पारा असतो, फुटली तर खिडक्या उघडा, थोडा वेळ कोणी त्या खोलीत जाऊ नका, मग जाड कागदाने गोळा करा, झाडू नका मारू. आणि पैसे उरले तर पंख्याकडे बघा. जुना ७५ वॅटचा दिवसाला पंधरा तास फिरला की महिन्याला जवळजवळ ३४ युनिट जातात, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो.