नीटचे गुण, रँक आणि प्रवेश : सातारा-सांगलीकरांनी आपापले अनुभव लिहावेत

नीटचा निकाल लागला की ‘एवढ्या मार्कांना एमबीबीएस मिळेल का?’ हा एकच प्रश्न घरोघरी फिरू लागतो, आणि त्याचे उत्तर शेजाऱ्यांपासून शिकवणीच्या सरांपर्यंत प्रत्येकाकडे तयार असते. आमच्या सांगलीच्या घरी हा प्रश्न सलग दोन वर्षे मुक्कामाला होता. त्यामुळे या धाग्याची सुरुवात मीच करतो.

माझ्या मुलाला 2024 साली 720 पैकी 612 गुण मिळाले. प्रवर्ग खुला. त्याआधीच्या वर्षी एवढ्या गुणांवर शासकीय महाविद्यालय सहज मिळाले असते, म्हणून आम्ही पेढेही वाटले. पण त्या वर्षी गुणांचा असा काही पूर आला होता, की फेरनिकालानंतरसुद्धा देशात 17 जणांना पैकीच्या पैकी गुण होते आणि आमची अखिल भारतीय रँक साठ हजारांच्या पलीकडे गेली. खासगी महाविद्यालय मिळण्यासारखे होते, परंतु तिथली फी आमच्या आवाक्यात नव्हती. मुलाने पुन्हा बसायचे ठरवले.

4 मे 2025 च्या संध्याकाळी तो परीक्षा देऊन परत आला आणि बूटही न काढता पायरीवर बसून राहिला. भौतिकशास्त्राने सगळ्यांनाच झोपवले होते, त्यातच पर्यायी प्रश्नांची सवलत काढून टाकल्यामुळे 180 प्रश्न 180 मिनिटांत सोडवायचे होते. उत्तरपत्रिका जुळवल्यावर बेरीज 541 च्या आसपास येत होती. मी मागच्या वर्षीची कटऑफची यादी छापून, हिरव्या पेनाने खुणा करून कपाटाच्या दाराला चिकटवली होती. ती त्याच्या आईने त्याच रात्री काढून टाकली. महिनाभर घरात त्या विषयावर कोणी बोलले नाही.

14 जूनला निकाल लागला तेव्हा देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच 686 गुण होते, 651 च्या वर अवघे 73 जण होते आणि 601 ते 650 या पट्ट्यात 1259. म्हणजे 71 गुण कमी मिळवून आमचा मुलगा हजारो क्रमांकांनी पुढे सरकला होता. पुढे राज्याच्या फेरीत त्याला साताऱ्याच्या छत्रपती संभाजी महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली.

तेव्हा लिहिताना नुसते गुण लिहू नका, अशी विनंती आहे. परीक्षेचे वर्ष, अखिल भारतीय रँक, सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश करणाऱ्या कक्षाच्या) राज्य गुणवत्ता यादीतला आपला क्रमांक, प्रवर्ग आणि कोणत्या फेरीत काय मिळाले, यांपैकी जेवढे आठवेल तेवढे लिहावे. वर्षाशिवाय लिहिलेल्या गुणांचा वाचणाऱ्याला फायदा कमी आणि घोर जास्त होतो.

विटा, मुलीचे वडील

आम्ही इतर मागास वर्गातले. मुलीला 2025 साली 468 गुण होते. गुणांची चिंता आम्ही पुष्कळ केली, पण खरी धावपळ झाली ती कागदांसाठी. जातीचा दाखला होता, जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच करून ठेवले होते. उत्पन्न मर्यादेत असल्याचा नॉन क्रीमिलेअर दाखलाही आहे म्हणून मी निश्चिंत होतो. अर्ज भरायला बसलो तेव्हा सायबर कॅफेतल्या मुलाने त्या दाखल्याच्या तळाशी बोट ठेवले : मुदत 31 मार्चलाच संपली होती. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, तलाठ्यांचा अहवाल, सेतूत रांग, आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे वाक्य, यांत माझे दोन आठवडे गेले. नवीन दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी हातात पडला. तो मिळाला नसता तर तिला खुल्या प्रवर्गात धरले गेले असते, आणि मग त्या गुणांचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

तिला दुसऱ्या फेरीत खासगी महाविद्यालय मिळाले. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना 2024-25 पासून शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले आहे, हे मला त्याच रांगेतल्या एका गृहस्थांनी सांगितले. ही सवलत राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतून प्रवेश घेतला तरच मिळते. संस्थात्मक कोट्याला ती लागू नाही. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क आपल्यालाच भरावे लागते आणि ती रक्कमही लहान नसते, हे मुलींच्या पालकांनी आधीच हिशेबात धरावे.

कोरेगाव, सध्या गोंदियात शिकणारा विद्यार्थी

माझा अनुभव चुकांचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो. 2023 साली मला 596 गुण होते, खुला प्रवर्ग. पसंतीक्रम भरताना घरातल्या मोठ्यांचा आग्रह असा, की ‘मिळण्यासारखी’ कॉलेजे वर टाकावीत, नाहीतर हातचे जाईल. प्रत्यक्षात यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली पाहत येते आणि तुमच्या क्रमांकाला जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती देते. त्यामुळे न मिळणारे कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातातून जात नाही. मी मात्र गोंदिया साताऱ्याच्या वर लिहिले होते, कारण आदल्या वर्षीच्या यादीत साताऱ्याचा शेवटचा क्रमांक माझ्या क्रमांकाच्या बराच आधी दिसत होता. पहिल्या फेरीत गोंदिया मिळाले.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. प्रवेश घेताना स्टेटस रिटेन्शनचा अर्ज समोर आला. त्याचा अर्थ मी ‘ही जागा राखून पुढच्या फेरीत भाग घेणे’ असा लावला आणि सही केली. अर्थ बरोबर उलटा आहे. तो अर्ज भरला की तुम्ही मिळालेल्या जागेवर समाधानी आहात, पुढच्या फेऱ्यांत तुमचा विचार करू नये, असे तुम्ही लिहून देता. वरचे काही हवे असेल तर प्रवेश घ्यायचा, पण तो अर्ज भरायचा नाही. मात्र मग वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, हेही पक्के लक्षात ठेवावे. दुसऱ्या फेरीत साताऱ्याची खुल्या प्रवर्गातली शेवटची जागा माझ्या मागच्या क्रमांकाच्या मुलाला गेली. तशीही त्या महाविद्यालयाच्या 100 जागांपैकी 15 अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या 85 मधून आरक्षण वजा केले की खुल्या प्रवर्गाला पंचवीस-सव्वीसच राहतात. इतक्या थोड्या जागांत एकदोघांनी इकडेतिकडे केले तरी शेवटचा क्रमांक हलतो, म्हणून जुन्या यादीवर विसंबून एखादे कॉलेज खाली ढकलू नये.

कॉलेजबद्दल माझी काही तक्रार नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस साताऱ्याहून थेट गोंदियाला येते, एवढी सोय आहे. फक्त आईने दिलेली थालीपिठे नागपूर येईपर्यंत उरत नाहीत.

मिरज, निवृत्त शिक्षक

थोडक्यात लिहितो. माझ्या नातीसाठी एका आप्तांनी 2019 च्या याद्या आणून दिल्या होत्या. त्या वेळी 70:30 चे सूत्र होते, म्हणजे आपल्या विभागातल्या सत्तर टक्के जागा आपल्याच विभागातल्या मुलांना मिळत. ते सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाले. आता मिरजेच्या जागेसाठी लातूर, नांदेडची मुले बरोबरीने उभी असतात आणि आपलीही तिकडे जातात. तेव्हा त्याआधीच्या याद्या रद्दीत द्याव्यात.

कराड, मुलाची आई

‘आपल्या गावातच एवढे मोठे कॉलेज आहे, स्थानिकांना काहीतरी कोटा असेलच’ अशी माझी समजूत होती. कराडचे कृष्णा आणि सांगलीचे भारती विद्यापीठ ही दोन्ही महाविद्यालये अभिमत (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांच्या) विद्यापीठांची आहेत. त्यांचे प्रवेश सीईटी सेल करत नाही, दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, करते. तिथे राज्याचा कोटा नाही, आणि देशभरातला कोणीही आपल्या दारातली जागा घेऊ शकतो. नोंदणी वेगळी करावी लागते, तिचे 5000 रुपये परत मिळत नाहीत आणि अनामत म्हणून 2 लाख रुपये आधी भरावे लागतात. अनामत नियमात राहिल्यास परत मिळते, पण नंतरच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर जप्त होते. आम्ही ‘बघू तरी मिळते का’ म्हणून पर्याय भरले होते. यजमानांनी रात्री वार्षिक फी साडेचार-पाचने गुणून पाहिली आणि सकाळी मुदत संपण्याआधी ते पर्याय काढून टाकले. फी झेपणार नसेल तर पर्याय भरूच नये. आमच्या ओळखीत एका घरी असे बघता बघता खरोखरच जागा मिळाली आणि मग पंचाईत झाली.

वाई, विद्यार्थिनी

मला 2024 साली एमबीबीएस मिळण्यासारखे गुण नव्हते आणि घरी ‘मग बीएएमएस कर’ एवढा एकच दुसरा मार्ग ठाऊक होता. पशुवैद्यकाचा प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतो आणि त्याचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय आमच्यापासून जवळ, शिरवळला आहे, हे मला आमच्या गोठ्यात म्हैस तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितले. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तारखाही वेगळ्या असतात. मी आता दुसऱ्या वर्षाला आहे. कोणाला त्या प्रवेशाबद्दल विचारायचे असेल तर इथेच विचारावे; परीक्षा चालू असल्यामुळे उत्तर द्यायला रविवार उजाडेल.