मदत हवी आहे: घर घेण्याआधी एरिया सेफ आहे का हे कसं बघायचं?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई आणि मी भाड्याच्या घरात शिफ्ट होणार आहोत, घर दोघींनाही आवडलंय पण एरियाचा काही अंदाजच येत नाहीये. गुन्ह्यांचा रेट १ लाख लोकसंख्येमागे काढतात, म्हणजे जिथे राहणारे कमी पण मार्केट किंवा स्टेशनमुळे येणारे-जाणारे हजारो, तिथला आकडा उगाच फुगलेला दिसणार ना? आणि वस्ती लहान असली की वर्षात २ घरफोड्या जास्त झाल्या तरी रेट एकदम वर, शिवाय ज्याची तक्रारच कोणी केली नाही ते तर त्यात येतच नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा?

काल रात्री साडेनऊला मुद्दाम चक्कर मारली, तर गेटपासून कोपऱ्यापर्यंत ३ दिवे बंद आणि तळमजल्यावरच्या एका खिडकीच्या ग्रिलचे दोन गज वाकवलेले, ते काही डोक्यातून जात नाहीये. माझी ड्युटी रात्री उशिरा सुटते, तोवर आई एकटी, म्हणून जास्त काळजी वाटते.

तुम्ही शेजाऱ्यांना नेमकं काय विचारलंत? पोलिस चौकीत विचारलं तर सांगतात का? प्लीज सांगा, अजून ॲडव्हान्स दिलेला नाही.