मदत हवी आहे: फ्रेंच कादंबरीतले शब्द कोशात सापडत नाहीत

मांडवीकाठ
चांगला फ्रेंच शब्दकोश सुचवा, जरा लवकर. भाषा सुधारावी म्हणून कादंबरी वाचायला घेतलीय, पण दर ओळीला अडतेय. शब्द बघायला जावं तर तो कोशात नसतोच. मैत्रिणीचा कोश आणला, त्यातही तेच. ॲप चालेल, छापीलही चालेल, पण पणजी किंवा मडगावात मिळायला हवा. मागवून वाट बघायला वेळ नाही.

फोंडेकर
कादंबरी कुठली? फ्रेंच किती झालंय? आणि न सापडलेले दोन-तीन शब्द द्या.

मांडवीकाठ
नववी-दहावीला होतं, मग क्लास लावून ए२ म्हणजे दुसरी पातळी केली. कादंबरी ज्यूल व्हर्नची, ऐंशी दिवसांत जगाला फेरी. पण मी कोश विचारतेय.

सासष्टीकर
कोश मिटून ठेवा. कळो न कळो, पान उलटत राहायचं. मी मडगाव-पणजी कदंब बसमध्ये बसून असंच वाचलं, हळूहळू सगळं उलगडलं. कोशाने वाचनाची गोडीच जाते.

फोंडेकर
सासष्टीकर, क्रियापदच कळलं नाही तर कोणी काय केलं तेच कळणार नाही. गोडी कसली लागणार? मांडवीकाठ, शब्द द्या हो.

मांडवीकाठ
एफ-यू-टी, एफ-आय-टी, व्ही-आय-एन-टी. शेवटचा वीस म्हणावा, तर वीसच्या फ्रेंच शब्दात जी असतो.

फोंडेकर
आता कळलं. कोश बदलून उपयोग नाही. हा 'पासे सांप्ल', म्हणजे लिखित गोष्टीतला भूतकाळ. क्लासमध्ये तुम्हाला 'पासे कोंपोझे' शिकवला, बोलताना तोच लागतो. कोशात मूळ क्रियापद असतं, रूप नसतं. एफ-यू-टी हे 'एत्र' (असणं) चं, एफ-आय-टी 'फेर' (करणं) चं, व्ही-आय-एन-टी 'व्हनीर' (येणं) चं. ही रूपं तुम्हाला लिहायची-बोलायची नाहीत, ओळखता आली की पुरे. कादंबरीत बहुतेक 'तो' नि 'ते'चीच येतात. नेहमीच्या वीसेक क्रियापदांची तेवढी रूपं कागदावर काढा आणि पुस्तकात ठेवा. बाकीसाठी क्रियापदं चालवून दाखवणारी साइट किंवा विक्शनरी हा ऑनलाइन कोश बघा, तिथे रूप टाकलं की मूळ मिळतं.

पाटोपूल
बाय, पोर्तुगीज येत असेल तर हे दोन दिवसांचं काम. तिथे 'फोय', 'फेझ', 'व्हेयु' हा साधा भूतकाळ अजून रोजच्या बोलण्यात आहे. फ्रेंचांनी तो बोलण्यातून टाकला आणि पुस्तकात ठेवला. आमच्या पिढीला ६१ च्या आधी शाळेत पोर्तुगीज होतं, म्हणून फ्रेंच वाचायला कधी जड गेलं नाही. आधी पोर्तुगीज शिक.

दहावीची_आई
विषय निघालाच आहे तर, मुलीने पुढच्या वर्षी फ्रेंच घ्यावं की पोर्तुगीज? मार्क कशात जास्त पडतात?

सासष्टीकर
मुळात पुस्तकच चुकलंय. १८७३ चं ते, त्यात आगबोटी नि व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाचे डाव. काम्यूची लेत्रांजे ही कादंबरी घ्या. १९४२ ची आहे, पण निवेदन बोलीतल्या 'पासे कोंपोझे'त, वाक्यं छोटी. पणजीच्या आलियांसमध्ये, म्हणजे फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत, विचारून बघा.

फोंडेकर
काम्यू सोपा वाटतो, पण त्यातला माणूस जे बोलत नाही तेच खरं वाचायचं असतं. व्हर्नमध्ये निदान पुढे काय होतं ही ओढ आहे. त्यांना ते आवडलंय तर सोडवू नका.

मांडवीकाठ
आवडलंय म्हणूनच चिडचिड होतेय. नायक मुंबईला उतरून रेल्वेने कलकत्त्याला निघालाय, आता थांबवत नाही. आणि मला देल्फ ही फ्रेंचची परीक्षा द्यायची आहे, ए२ च्या पुढची बी१ पातळी.

फोंडेकर
हे आधी सांगायचं. देल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला १०० पैकी ५०, आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली नाही. कादंबरीने एकच भाग पक्का होईल, तोही अर्धा, कारण तिथे जाहिराती, पत्रं, बातम्या येतात. रोज फ्रेंच बातम्या ऐका. वाचलेल्या प्रकरणाची गोष्ट आपल्या शब्दांत, 'पासे कोंपोझे'त लिहा आणि मोठ्याने सांगा. बी१ ला नेमकं तेच लागतं.

सासष्टीकर
हे मात्र पटलं. लिहिलेलं इथे टाका, मी तपासून देईन.

मांडवीकाठ
कागद तयार केला, अर्धं पान न अडता वाचलं! पण ई-यू-टी च्या मागोमाग लगेच दुसरं क्रियापद येतंय, ते काय?

फोंडेकर
'आव्ह्वार' (जवळ असणं) चं रूप. दोन्ही मिळून एकच काळ, एक गोष्ट उरकताच दुसरी घडली असं सांगायला. कागदावर तेही एक रूप वाढवा.