मदत हवी आहे : फियाटचा स्टिअरिंग कॉलम

नमस्कार मंडळी. बाबांची १९७० सालची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मी पुन्हा रस्त्यावर आणतोय. इंजिन, ब्रेक झाले. घोडं अडलंय ते स्टिअरिंगपाशी. चाकं जागची हलायच्या आत स्टिअरिंग दोन-अडीच इंच मोकळंच फिरतं, आणि वर-खाली धरून हलवलं की दांडा नळीत खडखडतो.

टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) नवे टाकले, फरक नाही. मग कॉलम, म्हणजे ती नळी दांड्यासकट, उतरवला. वरच्या टोकाच्या बुशचा (दांड्याला आधार देणाऱ्या कड्याचा) नुसता भुगा हातात आला. दांड्यावर त्याच जागी खाच पडली आहे, नख अडकतं इतकी. खालच्या स्टिअरिंग बॉक्समधला वर्म (दांड्याच्या टोकाचा स्क्रूसारखा गिअर) मात्र चकचकीत आहे, त्यात अडकून फिरणाऱ्या रोलरवरच थोडे ओरखडे दिसतात.

एका गॅरेजवाल्यांनी बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू (वर्म-रोलरमधली फट कमी-जास्त करणारा) आवळून दिला होता. त्याने सरळ जाताना बरं वाटलं, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येईना. असं जड स्टिअरिंग घेऊन घाट उतरायची माझी छाती नाही, म्हणून स्क्रू पुन्हा ढिला केला.

विचारायचं ते हे : खाच पडलेल्या दांड्यावर वेल्डिंग मला मुळीच नको, जिवाशी खेळ आहे तो. त्या जागी स्लीव्ह (दांड्यावर घट्ट बसणारी छोटी नळी) बसवून नवा बुश कोणी केलाय का? बुश पितळेचा करावा की नायलॉनचा? गिअरचा दांडाही याच कॉलमवर असल्याने परत जोडताना आधी काय बसवायचं? पुणे-मुंबईत जुन्या फियाटचं काम जाणणारे लेथवाले माहीत असतील तर जरूर सांगा. बाबा पंचाहत्तरीचे झालेत, त्यांना ही गाडी स्वतः चालवायची आहे.