अडीच वर्षांची मुलगी आणि नऊ आठवड्यांचं पिल्लू: चावणं कसं आवरायचं?

टूबीएचके_ठाणे
नमस्कार. घरात नवीन लॅब्रेडॉर पिल्लू आहे. मुलगी पळाली की ते मागे लागतं, फ्रॉक धरतं, पोटऱ्यांना दात लावतं. संध्याकाळी तर विचारूच नका. ओरडलं की आणखी चेकाळतं. सासूबाईंना जंत आणि रेबीजची धास्ती आहे. दोघांना सांभाळायचं कसं?

श्वानशाळा_पुणे
संध्याकाळचं चेकाळणं बहुतेक वेळा अपुऱ्या झोपेमुळे असतं. या वयाचं पिल्लू दिवसाला १८ ते २० तास झोपतं, आणि घरात मूल बागडत असेल तर त्याला तेवढी झोप मिळत नाही. तेव्हा आधी त्याची हक्काची जागा करा: हॉलच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण किंवा एका खोलीच्या दाराला बेबी गेट. दाबून बसवायच्या गेटची रबरं गुळगुळीत संगमरवरी चौकटीवरून सरकतात, म्हणून रोज हलवून बघा. तासभर जागं राहिलं की पिल्लू आत. तिथे मुलीने जायचं नाही, हा नियम मोडू देऊ नका.

एकत्र वेळ पाचच मिनिटं, तीही मुलीला मांडी घालून खाली बसवून आणि तुम्ही हाताच्या अंतरावर बसून. पिल्लू तिने उचलायचं नाही. या वयाची मुलं पोट आवळतात नाहीतर हातातून सोडतात. छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद कुरवाळून हात काढायचा. ते पुन्हा जवळ आलं तरच पुढे. तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, अंग ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, की खेळ बंद. गुरगुरल्यावर रागावू नका. रागावल्याने भीती जात नाही, फक्त इशारा बंद होतो आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात.

मागे लागलं की मुलीने ‘झाड’ व्हायचं: हात छातीशी, नजर पायांकडे, आवाज नाही. खेळ म्हणून शिकवा, पण अडीच वर्षांच्या मुलीला ऐन वेळी ते आठवेल यावर विसंबू नका. पिल्लाच्या पट्ट्याला दीड मीटरची हलकी, मूठ नसलेली दोरी लावा आणि ते धावलं की दोरीवर पाय ठेवा. दोरी तुमच्या डोळ्यांसमोरच, एरवी काढायची. अडकून गळा आवळला जाऊ शकतो.

पशुवैद्यक_नाशिक
पिल्लांना जंत आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे आहेतच असं धरून चाला. औषध १२ आठवड्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. मात्रा वजनावर ठरते आणि पिल्लू भराभर वाढतं, म्हणून प्रत्येक वेळी वजन करून घ्या. ताज्या शीमधल्या गोलकृमीच्या अंड्यांपासून लगेच लागण होत नाही. मातीत साधारण दोन आठवडे किंवा जास्त काळ गेल्यावर ती धोकादायक बनतात. म्हणजे शी लगेच उचलली तर निम्मं काम झालं. बाल्कनीतल्या कुंड्या झाका. फिनेलने ही अंडी मरत नाहीत, उलट ओल्या फरशीवर चालून पिल्लू पंजे चाटतं.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला. तोवर, आणि नंतरही, मुलीच्या कातडीवर दाताचा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून थांबू नका. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण उपचार त्यासाठी लांबवायचे नाहीत.

टूबीएचके_ठाणे
आभार! एक राहिलं. मुलगी ताटातलं त्याला टाकते. चालेल?

पशुवैद्यक_नाशिक
नको. मनुका, बेदाणे, द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि चिवड्यात, शिऱ्यात ते असतातच. कांदा, लसूण, चॉकलेटही वर्ज्य. जेवताना पिल्लू गेटच्या पलीकडे, आणि ते खात असताना मुलगी अलीकडे. तोंडातली वस्तू हिसकावू नका, खाऊ दाखवून सोडवा. वापरलेले डायपर झाकणाच्या डब्यात टाका. आतली जेल पोटात फुगून आतडं अडतं. खेळण्यांतले बटण सेलही स्क्रूच्या झाकणामागे आहेत ना, ते आजच बघा.