एलएम २५ (ॲल्युमिनियमचा ओतीव मिश्रधातू): जाड बॉसमध्ये (ओतकामावरच्या उंचवट्यात) डेंड्राइट (गोठताना वाढणारे झाडासारखे स्फटिक) खडबडीत, काय करावं?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी): वाळूचा साचा. बॉसमध्ये डेंड्राइटच्या दुय्यम फांद्यांतलं अंतर ७० मायक्रॉन, पातळ भिंतीत ३५. टी६ (ताकद वाढवणारी उष्णताप्रक्रिया) करूनही बॉसचं इलाँगेशन (तुटण्याआधी ताणलं जाणं) कमी. ओतायचं तापमान उतरवू का?

उत्तर: नको, मिसरन येईल, म्हणजे साचा पूर्ण भरण्याआधीच रस (वितळलेला धातू) गोठेल. हे अंतर साधारण गोठण्याच्या वेळेच्या घनमुळाप्रमाणे वाढतं. तुमच्याकडे अंतर दुप्पट, म्हणजे तुमची भिंत बॉसच्या जवळपास आठपट लवकर गोठतेय. बॉसखाली बिडाचा चिल (उष्णता ओढून घेणारा ठोकळा) बसवा, रायझर (जादा रसाचा साठा) विरुद्ध बाजूला ठेवा. आकसताना रस तिकडूनच मिळायला हवा.

उत्तर: चिल गंजका, दमट नको. ओलाव्यातून हायड्रोजन रसात शिरतो आणि नेमके तिथेच पिनहोल (वायूची बारीक छिद्रं) पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर टॉर्चने तापवूनच लावा.

उत्तर: ग्रेन रिफायनर वाढवून हे सुटणार नाही. त्याने दाणा बारीक होतो, फांद्यांतलं अंतर जवळपास तेच राहतं. मोजताना एका ओळीतल्या निदान पाच फांद्या धरा.